खालचे दोन ठिपके

अक्काचा राग नेमका कशाने सुरू होतो, हे ब्रेल छापखान्यात आजवर कुणाला ठरवता आलेलं नव्हतं. कपाटाचं दार नीट लागलं नाही तर तिला राग यायचा, आणि नीट लागून नंतर उघडलं नाही तरी यायचा. चहा गार असला की चहावर, गरम असला की तो आणणाऱ्यावर. नवे लोक तिला टरकून असत, जुने हसून सोडून देत, आणि दोघांच्याही एक गोष्ट लक्षात येत नसे. अक्का चिडायची ते बहुतेक वेळा रास्तच असायचं. फक्त वाटीएवढ्या कारणाला ती हंड्याएवढा आवाज लावायची.

तिला अक्का म्हणायचा हक्क खरं तर एकाच माणसाचा, तिच्या धाकट्या भावाचा. तो याच छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याचं ऐकून सगळेच तिला अक्का म्हणायला लागले, अगदी तिच्याहून म्हातारा पहारेकरीसुद्धा. त्यावरही ती चिडली होती, पण त्याला आता फार वर्षं झाली.

धाकट्याची दृष्टी लहानपणी तापात गेली. तेव्हा अक्का जेमतेम दहा वर्षांची होती. आईने तिचा हात धरून तिला अंथरुणापाशी नेलं आणि सांगितलं, "आजपासून ह्याचे डोळे तू." दहा वर्षांच्या पोरीला असं काही सांगू नये. आईला त्या घडीला दुसरं काही सुचलं नसेल, कबूल, तरीही सांगू नये. अक्काने ते जे मनावर घेतलं ते कायमचं. त्याच्या शेजारी बसून ती ब्रेल शिकली, तो बोटांनी आणि ती ठिपक्यांच्या सावल्या बघून. गल्लीतल्या पोरांनी त्याला चिडवलं की ती त्यांना बडवून यायची आणि घरी येऊन स्वतः मार खायची. पुढे तिचं लग्न झालं, आणि दोन वर्षांत ती सासर सोडून परत आली. त्या दोन वर्षांबद्दल ती एकच वाक्य बोलायची, "तिथे ओरडूनसुद्धा कुणाला ऐकू जात नव्हतं." मग आई गेली, आणि बहीणभाऊ दोन खोल्यांच्या त्याच घरात राहिले. धाकट्याला छापखान्यात आधी नोकरी लागली, अक्काला नंतर. हे सांगायचं कारण असं, की लोक समजत तिने त्याला चिकटवला. खरं तर त्याने तिच्यासाठी शब्द टाकला होता.

छापखान्यात धाकट्याला 'बोटवाले' म्हणत. खिडकीजवळचं टेबल त्याचं. उजेडाचा त्याला काही उपयोग नव्हता, पण ऊन हातावर आलं की बोटं मोकळी होतात असं तो म्हणायचा. दोन्ही हातांची पहिली बोटं कागदावरून जायची, उजवं ओळ संपवत असतानाच डावं पुढच्या ओळीचं तोंड शोधून ठेवायचं. वाचताना तो ओठ मिटून घ्यायचा. चूक सापडली की पानाच्या कडेला नखाने एक चीर द्यायचा आणि पुढे जायचा. त्याच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक निघाली, असं कधी झालं नव्हतं. बाकी छापखान्यात सगळ्याच बाबतींत मतभेद होते, या बाबतीत नव्हते.

अक्काचं काम त्याच्या आधीचं. प्रकाशकाकडून पुस्तक यायचं ते धड्याधड्यांच्या वेगवेगळ्या फाइलींमध्ये. त्या ब्रेलमध्ये बदलून द्यायला एक प्रोग्राम होता. काम चोख करायचा, पण त्याला एका वेळी एकच फाइल कळायची. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करायचं, पुढे धड्याचं नाव टाइप करायचं, तो धडा होईपर्यंत थांबायचं, मग पुढचा धडा. पंचवीस धडे असले की पंचवीस वेळा. इतिहासाच्या पुस्तकाला परिशिष्टं निराळी, शब्दकोशाला तर विचारूच नका. अक्काने प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडून एका गोड आवाजाने सांगितलं, "सगळ्या फाइली एकदम करायच्या असतील तर मोठी आवृत्ती घ्यावी लागेल, मॅडम."

"म्हणजे छोट्या आवृत्तीला मोजता येत नाही का एकाच्या पुढे?" अक्का म्हणाली आणि तिने फोन आपटला.

मग तिने स्वतःच लिहिली ती स्क्रिप्ट. पाच-सहा ओळींची होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, संगणकाला रोज तेच तेच सांगायचा कंटाळा आला की ते सांगणं एका फाइलीत लिहून ठेवायचं, आणि मग त्या फाइलीचं नुसतं नाव घ्यायचं. अक्काने तिचं नाव ठेवलं 'सगळे'. 'सगळे' लिहायचं, पुढे 'भूगोल' लिहायचं आणि त्याला एक स्टार जोडायचा. स्टार म्हणजे 'इथून पुढे काहीही असो'. मग भूगोलाने सुरू होणारी एकेक फाइल घेऊन ही स्क्रिप्ट त्या बदलणाऱ्या प्रोग्रामच्या तोंडात घालायची. शेवटी पडद्यावर एक शब्द यायचा, 'झालं'. मध्ये काही नाही. दर धड्याला एक ओळ छापून दाखवता आली असती, पण बडबडं यंत्र अक्काला खपायचं नाही. तिच्या मते एका खोलीत बडबड करणारं एकच माणूस पुरे होतं.

हे सगळं जुन्या संगणकावर. पुढे नवे संगणक आले, त्यांची तऱ्हा निराळी. जुन्यावर आपण लिहिलेला स्टार जसाच्या तसा स्क्रिप्टच्या हातात पडायचा, आणि तो उलगडायचं काम स्क्रिप्टचं. नव्यावर मध्ये शेल नावाचा एक मध्यस्थ बसलेला. तो स्टार दिसला की आधीच उलगडून मोकळा होतो आणि पुढे सगळ्या फाइलींची नावं रांगेने देतो. अक्काची स्क्रिप्ट तर हातात एकच गोष्ट येणार या समजुतीवर लिहिलेली. ती रांगेतलं पहिलं नाव घ्यायची, तेवढा धडा करायची, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायची नाही, आणि वर खुशाल 'झालं' म्हणायची. अक्काला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती संतापली, शेलला शिव्या घातल्या, आणि तोड काढली. स्टार असलेला शब्द अवतरणचिन्हांत, म्हणजे कोटांत, लिहायचा. चिन्हांच्या आत असलं की शेल हात लावत नाही. स्क्रिप्ट नीट करायला एक ओळ बदलावी लागली असती. पण काम खोळंबलं होतं, तोड सापडली होती, आणि हाताला सवय व्हायला कितीसा वेळ लागतो? हाताला सवय झाली, आणि डोक्यातून ते निघून गेलं.

आता गणिताच्या पुस्तकाचं. वरच्या वर्गाचं गणित आलं, ऋण संख्यांनी भरलेलं. व्यवस्थापकांना घाई होती. त्यांना सगळे पाठीमागे 'सुरळीत' म्हणत, कारण खोलीत शिरताच ते "काय, सगळं सुरळीत ना?" असं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जात. सुरळीतांच्या सांगण्यावरून अक्काने पलीकडच्या यंत्रखोलीत जाऊन तिथल्या संगणकावरही 'सगळे' चालवून सर्व धडे आधीच बदलून ठेवले. मोठं मशीन तयार राहावं म्हणून. त्या खोलीत बाइंडर बसायचा. तो आयुष्यभर पुस्तकं शिवलेला माणूस, आणि शिवणकाम मशीनवर गेल्यावर त्याला संगणकावर बसवलेला. अक्का टाइप करत होती तेव्हा तो तिच्या खांद्यावरून बघत होता.

इकडे धाकट्याने पहिलं मुद्रित वाचायला घेतलं आणि पहिल्याच धड्यात थांबला.

"अक्का, इथे लिहिलंय की तापमान शून्याच्या खाली गेलं, आणि पुढे नुसतं पाच. उणे कुठंय?"

अक्काने बघितलं. प्रकाशकाने उणे म्हणून भलतीच लांब रेघ वापरली होती. प्रोग्रामला ती ओळखू आली नाही, आणि त्याने ती गाळून टाकली होती, अख्ख्या पुस्तकात. अक्का प्रकाशकावर चिडली, प्रोग्रामवर चिडली, सगळ्या मूळ फाइलींमध्ये रेघा बदलून घेतल्या, पुन्हा मुद्रित काढलं. धाकट्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकही चीर न देता परत केलं. "सगळीकडे आहे उणे," तो म्हणाला. दुरुस्त फाइली यंत्रखोलीत गेल्या. बाइंडरला निरोप गेला की नव्याने बदलून घ्या आणि छापा. पुस्तक छापलं गेलं, शिवलं गेलं, शाळेत गेलं. मुद्रिताचे कागद नेहमीप्रमाणे पार्सलांच्या खोक्यांत भरणीला गेले.

शाळेच्या बाईंचा फोन आला तो सुरळीतांना. पहिला धडा सोडला तर पुस्तकात कुठेही उणे नव्हतं. मुलांची उत्तरं चुकत होती, आणि बाईंना वाटत होतं मुलंच चुकतायत. एका मुलीने पुस्तकावर बोट आपटून सांगितलं की इथे असंच लिहिलंय, तर तिला उलट बोलते म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. नंतर बाईंनी पुस्तक डोळ्यांनी तपासलं. त्या फोनवर रडल्या म्हणे. त्या मुलीच्या जागी आपण असतो तर पुस्तक फेकून मारलं असतं असं अक्का म्हणाली, आणि ते खरंही होतं.

सुरळीतांनी बहीणभावाला खोलीत बोलावलं. टेबलावर परत आलेलं पुस्तक होतं. धाकट्याने ते उघडलं आणि एका उदाहरणावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. उणे म्हणजे ब्रेलमध्ये सगळ्यात खालच्या ओळीतले शेजारी शेजारी दोन ठिपके. बोट जरा वरून गेलं तर तेच आधी निसटतात.

"नाहीये," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "अक्का, खरंच नाहीये ना? की मला लागत नाहीये?"

"नाहीये," अक्का म्हणाली.

"मी वाचलं तेव्हा होतं."

सुरळीत खुर्चीत जरा पुढे झुकले. माणूस वाईट नव्हता, पण चांगुलपणाने बोलायला लागला की जास्त अंगावर यायचा. "हे बघा, वय कुणाला चुकलंय? तुम्हाला साखर आहे, बोटांना मुंग्या येतात असं तुम्हीच मागे म्हणाला होता. खालचे ठिपके लागले नसतील. संदर्भ माहीत असला की मन भरून घेतं. तुम्हाला कुणी काढत नाहीये. पुढच्या महिन्यापासून फोनवर बसा. आरामाचं काम आहे."

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही, साहेब. त्याने एकदा पकडलेली चूक तो दुसऱ्यांदा सोडेल? तुमची घाई, प्रकाशकाचा गाढवपणा, आणि खापर याच्या बोटांवर?"

"मग चूक कुठे झाली, ते तरी सांगा."

"ते मला काय विचारता? तुम्ही कशाला बसलाय इथे?"

ती इतकं बोलली की बाहेरच्या खोलीतली मशीनं कुणीतरी बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. सुरळीतांनी निर्णय बदलला नाही. धाकटा सगळा वेळ पुस्तकाच्या त्याच पानावर बोट ठेवून उभा होता.

बोटवाल्याची बोटं काढून घेणं म्हणजे काय, ते सुरळीतांना कळणार नव्हतं. फोनवर बसणं वाईट नाही, कितीतरी लोक बसतात. पण धाकटा पुस्तकं वाचायचा, गणितापासून वैद्यकापर्यंत, आणि वाचून सांगायचा की हे बरोबर आहे. त्याच्या 'बरोबर आहे'वर पाचशे पोरं अभ्यास करायची. आयुष्यात त्याने एवढी एकच गोष्ट स्वतःची म्हणून कमावली होती, आणि ती एका महिन्याच्या मुदतीने त्याच्या हातून निघाली होती.

त्यानंतरचे दिवस अक्का नुसती पेटलेली होती. प्रकाशकाला फोन करून तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पहारेकऱ्याने सहज "बोटवाले आता फोनवर का?" असं विचारलं, तर त्याला असं झापलं की बिचारा दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करत होता. मशीनची पिन झिजली असेल म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीन ठोकून ठाकून बघितलं आणि सगळ्या पिना ठणठणीत असल्याचं सांगितलं, तर त्याच्यावरही चिडली. छापखान्यात सगळे म्हणत, बहीण असावी तर अशी.

घरी मात्र ती वेगळंच करत होती. साखरेची गोळी त्याने घेतली का, हे दोनदोनदा विचारायची. बोटांना लावायला तिने मलम आणलं. कामावरून येताना त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नायलॉनच्या एका बारीक धाग्याचं टोक बोटांना टोचून बघायचं ठरवलं आणि सवयीने म्हणाले, "डोळे मिटा." अक्काने त्यांच्याकडे असं बघितलं की ते धागा हातात घेऊन तसेच राहिले. धाकटा हसला आणि त्याने डोळे मिटले. दहापैकी आठ वेळा त्याला टोचलेलं कळलं. "ठीक आहे, वयाच्या मानाने," डॉक्टर म्हणाले. बाकीच्या दोन वेळा अक्काच्या डोक्यात राहिल्या.

सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर तिने त्याच्यापुढे ब्रेलचं एक पान ठेवलं. विज्ञानाचं नवीन पुस्तक आलंय, जरा बघ म्हणाली. त्यात तिने स्वतः चुका घालून ठेवल्या होत्या, सगळ्या खालच्या ठिपक्यांच्या. धाकट्याने पान वाचलं. नखाने चार चिरा दिल्या आणि पान तिच्याकडे सरकवलं. चूक एकही सुटली नव्हती. त्याने उठून हात धुतले आणि आतल्या खोलीत गेला. अक्काला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं, चारच होत्या, त्याला आधीच संशय आला असेल, म्हणून जपून वाचलं असेल.

बाइंडरकडे ती गेली ती भांडायलाच. परत आलेली पुस्तकं बदलून द्यायची होती, म्हणून गणित नव्याने छापायचं ठरलं होतं. या खेपेला बाइंडर काय करतो ते उभं राहून बघायचं, आणि काही चुकला तर तिथल्या तिथे फाडून खायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. यंत्रखोलीत कागदाचा आणि तेलाचा वास होता. बाइंडर खुर्चीवर अंग चोरून बसला. पुस्तक शिवताना सुईवर नजर ठेवावी तशी त्याची नजर अक्षरांच्या बटनांवर, एका वेळी एक बटन. त्याने 'सगळे' लिहिलं. 'गणित' लिहिलं. स्टार लिहिला. शेवटचं बटन दाबलं.

लगेच 'झालं' आलं.

अक्का पडद्याजवळ वाकली. एवढं पुस्तक एवढ्यात होत नाही. तिच्या संगणकावर सगळ्या धड्यांना इतका वेळ लागायचा की मध्ये चहा पिऊन व्हायचा.

"कोट कुठे आहेत?" ती म्हणाली.

"कसले?"

"स्टारच्या मागेपुढे. वरची चिन्हं."

बाइंडरने पडद्याकडे बघितलं. "ती हो? तुम्ही लिहीत होता खरी. मला वाटलं तुमची सवय असेल. काही काही लोक नाव लिहून खाली रेघ नाही का मारत." तो जरा थांबला. "का? काही बिघडतं का त्याने? 'झालं' तर येतं."

आता सगळं तिच्या समोर होतं. उणे गाळलेले जुने धडे या संगणकावर तिनेच आधी बदलून ठेवले होते, तिच्या कोटांसकट. दुरुस्ती आल्यावर बाइंडरने कोट न लिहिता 'सगळे' चालवलं, आणि त्या स्क्रिप्टने फक्त पहिला धडा नवा केला. बाकी जुनेच पडून राहिले, आणि मशीनने ते इमानेइतबारे छापले. धाकट्याने वाचलेलं मुद्रित निघालं होतं तिच्या संगणकावरून, तिच्या हातून, कोट घालून. त्याच्या बोटांखाली दर ठिकाणी ते दोन ठिपके होते. त्याने वाचलं होतं तेच बरोबर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून ती इथवर आली होती.

"अक्का, माझं काही चुकलं का?" बाइंडर घाबरून विचारत होता.

"तुमचं नाही हो," ती म्हणाली. "एकाने सुरू करून एकावरच संपवते आणि 'झालं' म्हणते, अशी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं चुकलंय. थोबाडीत द्यायला हवी त्याच्या." बाइंडरला कळलं नाही की हे कुणाबद्दल चाललंय. तो म्हणाला, "जाऊ द्या, कुणी का असेना," आणि त्यावर अक्का त्याच्यावर ओरडली, कुणी का असेना कसं, म्हणून.

तिने तिथेच बसून ती ओळ बदलली. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. आता रांगेत जेवढी नावं येतील तेवढी सगळी स्क्रिप्ट घेणार होती, कोट असोत नाहीतर नसोत, आणि दर धड्याला त्याचं नाव पडद्यावर छापणार होती. मग ती सुरळीतांच्या खोलीत गेली आणि बसायला न सांगता बसली. सगळं सांगितलं. सुरळीतांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे तांत्रिक बिघाड," ते म्हणाले. "कुणाचाच दोष नाही."

"तांत्रिक बिघाड वगैरे काही नाही. माझी चूक आहे. शाळेला कळवा, माझं नाव घालून कळवा. त्या मुलीला कळू दे की पुस्तक वाचणारा चुकला नव्हता आणि तीही चुकली नव्हती."

"बरं, बरं. आणि बोटवाल्यांना सांगा, फोनचं आता राहू दे."

"मी सांगते," अक्का म्हणाली. मधल्या बोळातून जाताना ती जवळजवळ पळत होती.

धाकटा त्याच्या टेबलापाशी होता. समोर कुठलंसं पान होतं, पण हात मांडीवर होते. तिने खुर्ची ओढली आणि धाप लागलेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. स्टार, शेल, कोट, बाइंडर, पहिला धडा. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच त्याने विचारलं, "म्हणजे मी वाचलं तेव्हा उणे होतं?"

"होतं. सगळ्या धड्यांत होतं. तुझी बोटं ठणठणीत आहेत."

त्याने मान हलवली. तिला वाटलं होतं तो हसेल, निदान सुस्कारा सोडेल. तो म्हणाला, "साहेबांच्या खोलीत मी हेच सांगितलं होतं. मी वाचलं तेव्हा होतं, म्हणून."

"सांगितलं होतंस. मी साहेबाला काय काय बोलले ते तू ऐकलंस ना? सगळ्या जगाशी भांडले मी तुझ्यासाठी."

"भांडलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो इतका कडक झालेला अक्काने कधी ऐकला नव्हता. "माझं खरं धरलं असतंस तर भांडावं लागलंच नसतं. मी म्हणालो 'होतं', तर होतं. मग ते गेलं कुठे, एवढं बघायला पलीकडच्या खोलीत जायचं होतं. तू मला डॉक्टरकडे घेऊन गेलीस."

अक्काने खुर्ची जरा जवळ सरकवली.

"मलम आणलंस. खोटं पान आणून परीक्षा घेतलीस. त्या पानात पाचवी चूक होती आणि मला लागली नाही, की तू घातलीच नव्हतीस, याचा मी रात्रभर विचार करत होतो. साहेबाला वाटलं बोटं गेली, त्याचं मला काही नाही. तो मला कितीसा ओळखतो? तुझ्यामुळे मला ते खरं वाटलं, अक्का."

अक्का म्हणाली, "स्क्रिप्ट नीट केलीय मी. आता कुणीही कशीही चालवली तरी सगळे धडे होतात. परत असं होणार नाही."

"स्क्रिप्टचं कोण बोलतंय?" धाकटा म्हणाला, आणि त्याने समोरचं पान जवळ ओढून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.